‘डिस्ट्रॅक्ट’ हे क्रियापद बिनचूक कसं वापरायचं: मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी

मराठी शाळेत शिकून मुंबईतल्या ऑफिसात पहिल्यांदा रुजू होणाऱ्या मुलामुलींना इंग्रजी येत नाही, असं नसतं. वाचता येतं, समजतं, बऱ्यापैकी लिहिताही येतं. अडतं ते ठरावीक शब्दांपाशी, आणि त्यातला एक हमखास शब्द म्हणजे ‘डिस्ट्रॅक्ट’. मराठी बोलतानाच आपण तो दिवसभर वापरत असतो. ‘मी जरा डिस्ट्रॅक्ट झाले’, ‘तो मला डिस्ट्रॅक्ट करतोय’, ‘फोनमुळे फार डिस्ट्रॅक्शन होतं’. तो इतका आपलासा झालेला असतो, की इंग्रजी वाक्यात त्याची वागणूक वेगळी आहे हे ध्यानातच येत नाही. मग मेलमध्ये ‘आय डिस्ट्रॅक्टेड’ असं जातं आणि वाचणाऱ्याला प्रश्न पडतो, कुणाला?

मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. पुढे अंधेरीच्या एका ऑफिसात ग्राहकांना इंग्रजीत उत्तरं लिहिता लिहिता हे क्रियापद नीट कळत गेलं. आता नव्याने लागलेल्यांचे मेल माझ्याकडे तपासायला येतात. त्यात सगळ्यात जास्त जिथे अडकायला होतं, त्या जागा इथे क्रमाने देते आहे. बँकेच्या किंवा स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षेला बसणाऱ्यांनाही याचा उपयोग होईल, कारण चूक शोधा आणि रिकाम्या जागा भरा या दोन्ही प्रश्नांत असली क्रियापदं नेहमी असतात.

इंग्रजी वाक्यं मोठ्याने वाचता यावीत म्हणून देवनागरीत लिहिली आहेत. वहीत उतरवताना मात्र ती इंग्रजी लिपीतच उतरवा, म्हणजे स्पेलिंग हाताला बसेल.

बसण्याआधी जवळ ठेवा

- एक वही. डाव्या पानावर मराठी वाक्य, उजव्या पानावर त्याचं इंग्रजी.
- शिकणाऱ्यांसाठीची इंग्रजी-इंग्रजी डिक्शनरी. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोघांच्याही अशा डिक्शनऱ्या इंटरनेटवर फुकट बघता येतात आणि शब्दाचा उच्चारही ऐकता येतो.
- एखादं इंग्रजी वर्तमानपत्र. रद्दीत निघालेलंही चालेल.
- थोडी शांत जागा. घर लहान असेल तर जवळची अभ्यासिका किंवा वाचनालय गाठा. नाव नोंदवताना ओळखपत्राची प्रत आणि फोटो बरोबर ठेवा, सहसा मागतात. दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. १८९८ साली सुरू झालेली ही संस्था आहे आणि मराठी वाचणाऱ्या माणसाने तिथे एकदा तरी जाऊन यावंच.

इंग्रजी-मराठी शब्दकोश या कामाला एकटा पुरत नाही. तो अर्थ देतो, पण शब्दाने वाक्यात बसायचं कुठे हे सांगत नाही. मोल्सवर्थने सुरू केलेला आणि कँडीने पूर्ण केलेला, मुंबई सरकारसाठी केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालचा आहे. जुन्या मराठीची गोडी असेल तर तो जरूर चाळा, मला स्वतःला तो फार आवडतो. पण आजचा मेल लिहायला तो उघडू नका.

१. आधी ‘ओढणं’ डोक्यात बसवा

या शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे. ‘ट्राहेरे’ म्हणजे ओढणं आणि ‘डिस्’ म्हणजे दूर, वेगळीकडे. नांगर ओढतो तो ट्रॅक्टर. स्वतःकडे ओढणं म्हणजे ॲट्रॅक्ट. आतून ओढून बाहेर काढणं म्हणजे एक्स्ट्रॅक्ट. दंतवैद्य दात काढतो, तेव्हा कागदावर हाच शब्द लिहितो. खालून ओढून घेणं, म्हणजे वजा करणं, ते सबट्रॅक्ट. ही सगळी भावंडं आपल्या ओळखीचीच आहेत. ‘डिस्ट्रॅक्ट’ त्यांच्यातलाच: माणसाचं लक्ष जिथे आहे तिथून त्याला दुसरीकडे ओढणं.

आता मराठीत आपण काय म्हणतो ते बघा. लक्ष उडतं. मन भरकटतं. चित्त थाऱ्यावर नसतं. या वाक्यांत जे काही करायचं ते मनच करतं, बाहेरून कुणी येऊन त्याला हात लावलेला नसतो. ‘डिस्ट्रॅक्ट’मध्ये मन स्वतः काहीच करत नाही. त्याला कुणीतरी किंवा कशानेतरी ओढलेलं असतं. मराठी माणसाच्या या शब्दातल्या जवळजवळ सगळ्या चुका या एका फरकातून येतात, म्हणून पुढे जाण्याआधी इथे जरा थांबा. रोजच्या वापरातली अशी चारपाच मराठी वाक्यं वहीत लिहा आणि प्रत्येकासमोर एकच प्रश्न लिहा: ओढलं कुणी?

२. तीन जागा भरायला शिका

‘डिस्ट्रॅक्ट’ला वाक्यात तीन जागा लागतात: ओढणारा कोण, ओढलं कुणाला, आणि कशापासून.

संध्याकाळची विरार लोकल डोळ्यांसमोर आणा. अंधेरीला कशीबशी बसायला जागा मिळाली आहे आणि मांडीवर उद्याच्या मीटिंगचे कागद आहेत. तेवढ्यात कानातली विकणारी येते. पुठ्ठ्यावर रांगेने टोचलेले झुमके ती समोरच्या बाईच्या हातात देते. एक पुठ्ठा तुमच्या कागदांवर टेकतो, पलीकडून कुणीतरी ‘यात मोरपंखी आहे का?’ म्हणून विचारतं, आणि तुम्ही तिसऱ्या मुद्द्यावरून उठून त्या मोरपंखी झुमक्यांवर जाता. इंग्रजीत हे असं होईल:

‘द इअररिंग्ज डिस्ट्रॅक्टेड मी फ्रॉम माय नोट्स.’

झुमके ओढणारे, मी ओढली गेलेली, आणि नोट्स ही मूळ जागा. तिसरी जागा, म्हणजे ‘फ्रॉम’चा भाग, संदर्भाने कळत असेल तर गाळता येतो: ‘द इअररिंग्ज डिस्ट्रॅक्टेड मी.’ दुसरी जागा मात्र गाळता येत नाही. केंब्रिजच्या डिक्शनरीत या क्रियापदापुढे ‘टी’ हे अक्षर दिसेल. त्याचा अर्थ ट्रान्झिटिव्ह, म्हणजे सकर्मक. शाळेत सकर्मक-अकर्मक पाठ केलं होतं, ते इथे कामाला येतं. नवा शब्द बघताना अर्थाच्या आधी हे अक्षर बघायची सवय लावून घ्या.

दुसऱ्या जागेवर माणूस बसू शकतो, तसंच ‘अटेन्शन’ही बसू शकतं: ‘दिस न्यूज डिस्ट्रॅक्टेड अटेन्शन फ्रॉम द वॉटर प्रॉब्लेम.’ राजकारणाच्या बातम्यांत हा नमुना वारंवार भेटतो.

‘फ्रॉम’च्या पुढे नाम येतं, किंवा क्रियापदाचं ‘इंग’ लावलेलं रूप: ‘द म्युझिक डिस्ट्रॅक्टेड हर फ्रॉम स्टडिइंग.’ इथे ‘टू स्टडी’ चालत नाही. परीक्षेत याच जागी सापळा लावलेला असतो, कारण ‘टू’ आपल्या जिभेवर आपसूक येतो.

३. ‘करणं’ आणि ‘होणं’ वेगळं करा

माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे. वेळ कमी असेल तर बाकीचं नंतर वाचा, पण हे आजच करा.

मराठीत आपण इंग्रजी क्रियापदाला ‘करणं’ किंवा ‘होणं’ जोडतो. ‘डिस्ट्रॅक्ट करणं’ असेल तर इंग्रजी वाक्य सरळ होतं. ‘तो मला डिस्ट्रॅक्ट करतोय’ म्हणजे ‘ही इज डिस्ट्रॅक्टिंग मी’. ‘डिस्ट्रॅक्ट होणं’ असेल तर मध्ये ‘गेट’ किंवा ‘बी’ घालावंच लागतं आणि क्रियापदाला ‘इडी’ लागतं. ‘मी डिस्ट्रॅक्ट झाले’ म्हणजे ‘आय गॉट डिस्ट्रॅक्टेड’. कशामुळे, ते सांगायचं तर ‘बाय’: ‘आय गॉट डिस्ट्रॅक्टेड बाय द फोन.’

ही किल्ली एका शब्दापुरती नाही. कन्फ्यूज होणं, इम्प्रेस होणं, इरिटेट होणं, फ्रस्ट्रेट होणं, एम्बॅरस होणं या सगळ्यांना ती लागते. ‘आय कन्फ्यूज्ड’ म्हटलं तर ‘मी कुणालातरी गोंधळात पाडलं’ असं होतं आणि ते ‘कुणाला’ राहून जातं. ‘आय गॉट कन्फ्यूज्ड’ म्हटलं की झालं. ‘होणं’ दिसलं की ‘गेट’ किंवा ‘बी’, एवढं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आता ‘गॉट’ की ‘वॉज’? ‘गॉट डिस्ट्रॅक्टेड’मध्ये लक्ष उडाल्याचा क्षण आहे: कामात होतो, काहीतरी झालं, लक्ष गेलं. ‘वॉज डिस्ट्रॅक्टेड’ किंवा ‘सीम्ड डिस्ट्रॅक्टेड’मध्ये अवस्था आहे. ‘ही सीम्ड डिस्ट्रॅक्टेड टुडे’ म्हणजे आज त्याचं कशातच लक्ष दिसत नव्हतं. औपचारिक लिखाणात ‘वॉज’ जास्त शोभतं, बोलण्यात ‘गॉट’ जास्त येतं.

याच घरातले दोन तयार तुकडे पाठ करून ठेवा. ‘आय कीप गेटिंग डिस्ट्रॅक्टेड’ म्हणजे माझं सारखं लक्ष उडतंय. ‘ही इज ईझिली डिस्ट्रॅक्टेड’ म्हणजे त्याचं लक्ष जरा खुट्ट झालं की जातं.

हमखास होणाऱ्या चुका:

- ‘माय माइंड डिस्ट्रॅक्टेड.’ मराठी ‘माझं मन विचलित झालं’ जसंच्या तसं उचललं आहे. ‘आय गॉट डिस्ट्रॅक्टेड’ लिहा.
- ‘शी वॉज डिस्ट्रॅक्टेड इन हर फोन.’ आपण ‘फोनमध्ये लक्ष’ म्हणतो म्हणून ‘इन’ येतो. हवं ‘बाय हर फोन’.
- ‘आय गॉट डिस्ट्रॅक्टेड ड्यू टू द नॉइज.’ हे कळतं, पण ‘मुळे’ला सगळीकडे ‘ड्यू टू’ चिकटवायची सवय सोडा. इथे ‘बाय द नॉइज’ सुटसुटीत आहे.

४. ‘डिस्ट्रॅक्टेड’ आणि ‘डिस्ट्रॅक्टिंग’

ज्याचं लक्ष गेलं तो ‘डिस्ट्रॅक्टेड’, ज्याने घालवलं ते ‘डिस्ट्रॅक्टिंग’. ‘आय ॲम डिस्ट्रॅक्टिंग’ याचा अर्थ माझ्यामुळे इतरांचं लक्ष उडतं, असा होतो. ‘बोअर्ड’ आणि ‘बोअरिंग’मध्ये जो फरक, तोच.

एक शब्दजोडी वर्तमानपत्रात वारंवार दिसेल: ‘डिस्ट्रॅक्टेड ड्रायव्हिंग’. गाडी चालवताना लक्ष फोनवर किंवा दुसरीकडे असणं. आपल्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, तेव्हा कलम १८४ मध्ये धोकादायक पद्धतीने वाहन चालवण्याच्या प्रकारांत हातात फोन धरून वापरणंही घातलं गेलं. यातला ‘डिस्ट्रॅक्टेड’ खरं तर चालवणाऱ्याला लागू आहे, पण रूढ झालेली जोडी ‘ड्रायव्हिंग’बरोबर आहे, ती तशीच वापरा.

५. शेजारच्या शब्दांत गल्लत करू नका

आता जरा सावकाश वाचा. या टप्प्यावर चांगलं इंग्रजी येणारेही अडखळतात.

पहिली गल्लत ‘डिस्टर्ब’ची, आणि तिचं मूळ मराठी ‘विचलित’मध्ये आहे. टीव्हीवर बातमीच्या आधी पट्टी येते, ‘ही दृश्यं तुम्हाला विचलित करू शकतात’. मोबाइलवरच्या भाषांतरात ‘विचलित करणे’ टाकलं की बऱ्याचदा ‘डिस्ट्रॅक्ट’ पुढे येतं. पण ती दृश्यं ‘डिस्ट्रॅक्टिंग’ नाहीत, ‘डिस्टर्बिंग’ आहेत. बघणाऱ्याचं लक्ष कुठेही जात नाही, उलट तिथेच खिळतं. मन हादरतं ते वेगळं. दुसरीकडे मराठी पेपरात ‘लक्ष विचलित करून दागिने लांबवले’ असं छापून येतं. तिथे ‘डिस्ट्रॅक्ट’च हवं. खूण सोपी आहे. ‘विचलित’च्या आधी ‘लक्ष’ असेल तर ‘डिस्ट्रॅक्ट’. ‘मन’ किंवा माणूस असेल तर थांबून अर्थ बघा, बहुतेक वेळा ‘डिस्टर्ब’ किंवा ‘अपसेट’ निघेल.

‘डिस्टर्ब’चा आणखी एक अर्थ शांतता मोडणं. झोपलेल्या माणसाला तुम्ही ‘डिस्टर्ब’ करता, ‘डिस्ट्रॅक्ट’ करू शकत नाही, कारण त्याचं लक्ष कुठेच नसतं. हॉटेलच्या खोलीबाहेर पाटी असते ती ‘डू नॉट डिस्टर्ब’ची.

‘इंटरप्ट’ म्हणजे चालू असलेली गोष्ट मध्येच तोडणं. बोलणाऱ्याला तुम्ही मध्येच प्रश्न विचारलात, तर ते ‘इंटरप्ट’. तो बोलत असताना तुम्ही मागे बसून पेन टकटक वाजवत राहिलात, तर ते ‘डिस्ट्रॅक्ट’. पहिल्यात त्याला थांबावं लागलं. दुसऱ्यात त्याचं बोलणं चालूच राहिलं, फक्त लक्ष फाटलं. वरिष्ठांच्या केबिनमध्ये डोकावताना ‘सॉरी टू इंटरप्ट’ म्हणा. ‘सॉरी टू डिस्ट्रॅक्ट यू’ तिथे विचित्र वाटतं.

‘डायव्हर्ट’ म्हणजे वाट बदलून देणं. मेट्रोच्या कामामुळे रस्त्यावर ‘डायव्हर्शन’च्या पाट्या लागतात, तेच क्रियापद. गाडी डायव्हर्ट होते, फोन डायव्हर्ट होतो, पैसा एका कामाचा दुसऱ्या कामाला डायव्हर्ट होतो. ‘दे डायव्हर्टेड हिज अटेन्शन’ हेही बरोबर आहे. पण आपल्याकडे सर्रास म्हणतात तसं ‘माय माइंड गॉट डायव्हर्टेड’ परदेशी ग्राहकाला लिहू नका. आपल्याकडे कळतं, त्याला खटकतं.

आणि परीक्षेवाल्यांसाठी खास: ‘डिट्रॅक्ट’. दिसायला जवळजवळ तोच शब्द, फक्त एक ‘एस’ कमी आणि ‘आय’च्या जागी ‘ई’. मूळ धातूही तोच. अर्थ मात्र किंमत किंवा शोभा कमी करणं. ‘द टॉर्न कव्हर डिट्रॅक्ट्स फ्रॉम द व्हॅल्यू ऑफ द बुक.’ फाटक्या मुखपृष्ठाने पुस्तकाचं मोल उणावतं. गंमत म्हणजे दोघांनाही ‘फ्रॉम’ लागतो, त्यामुळे शब्द ओळखायला तो उपयोगी पडत नाही. मधली जागा बघा. ‘डिस्ट्रॅक्ट’ आणि ‘फ्रॉम’ यांच्या मध्ये कुणीतरी बसलेलं असतं, ‘मी’, ‘हिम’, ‘अटेन्शन’. आजच्या वापरात ‘डिट्रॅक्ट’च्या लगेच पुढे ‘फ्रॉम’ येतो. रिकाम्या जागेचा प्रश्न या एका निरीक्षणावर सुटतो.

६. कुणी ओढलंच नसेल तर हा शब्द सोडा

पहिल्या टप्प्यात वहीत प्रश्न लिहिला होता, ओढलं कुणी? कधीकधी त्याचं खरं उत्तर ‘कुणीच नाही’ असं असतं. बाहेर काही झालं नाही, मनच उठून गेलं. अशा वेळी दुसरी क्रियापदं आहेत.

मन भरकटलं तर ‘माय माइंड वॉन्डर्ड’. हे आपल्या मराठी वाक्याच्या अगदी बरोबर समोर बसतं, कारण ‘वॉन्डर’ अकर्मक आहे आणि भटकणारं मनच आहे. फक्त ‘वंडर’शी घोळ करू नका, त्याचा अर्थ नवल वाटणं किंवा मनात प्रश्न येणं. स्पेलिंगमध्ये एकाच स्वराचा फरक आहे, भटकणाऱ्याला ‘ए’ लागतो आणि नवलाला ‘ओ’.

तंद्री लागली, समोरचं काही ऐकूच आलं नाही, तर ‘आय झोन्ड आउट’. हे मैत्रिणींत, सहकाऱ्यांत चालतं, साहेबांना लिहायच्या मेलमध्ये नको. दिवास्वप्नं बघत बसणं ‘डेड्रीम’. बोलता बोलता धागा सुटला तर ‘आय लॉस्ट माय ट्रेन ऑफ थॉट’. चर्चा मूळ विषय सोडून फाटे फोडत गेली तर ‘वी गॉट साइडट्रॅक्ड’, आणि हा मीटिंगमध्ये फार उपयोगी पडतो, कारण यात कुणा एकावर बोट रोखलेलं नसतं.

एखादी काळजी मनात घर करून बसली असेल, आईचं ऑपरेशन आहे, भाड्याच्या घराचा करार संपतोय, तर ‘प्रीऑक्युपाइड’. त्याच्यापुढे ‘विथ’ येतो: ‘शी वॉज प्रीऑक्युपाइड विथ हर मदर्स सर्जरी.’ तिचं लक्ष कुणी घालवलं नाही, ते आधीच भरलेलं आहे. विसरभोळेपणा हा स्वभावच असेल तर ‘ॲबसेंट-माइंडेड’.

७. चांगल्या अर्थानेही वापरा

‘डिस्ट्रॅक्ट’ म्हटलं की आपल्याला अभ्यास बुडवणारा फोनच आठवतो. पण शब्दात वाईटपणा नाही, फक्त ओढणं आहे.

महापालिकेच्या दवाखान्यात बाळांच्या लसीकरणाच्या दिवशी जाऊन बघा. बाळ आईच्या मांडीवर, मांडी उघडी, सिस्टरच्या एका हातात सुई. दुसऱ्या हाताने ती किल्ल्यांचा जुडगा बाळाच्या नाकासमोर खुळखुळवते. बाळ डोळे मोठे करून किल्ल्यांकडे बघतं, तेवढ्यात सुई आत जाऊन बाहेर येते, आणि रडू फुटतं ते क्षणभर उशिरा. ‘द नर्स डिस्ट्रॅक्टेड द बेबी विथ अ बंच ऑफ कीज.’ ओढण्याचं साधन सांगायचं असेल तर असा ‘विथ’ येतो. हे वाक्य मी नव्यांना आवर्जून देते, कारण यात ‘डिस्ट्रॅक्ट’ म्हणजे निव्वळ माया आहे.

दुःखात किंवा काळजीत असलेल्या माणसाचं मन रमवणं यालाही हाच शब्द: ‘आय ट्राइड टू डिस्ट्रॅक्ट हर.’ स्वतःचं मन रमवायचं असेल तर ‘आय डिस्ट्रॅक्टेड मायसेल्फ’. आणि ताणाच्या दिवसात आलेला पाहुणा, क्रिकेटची मॅच, असलं काही बरंच वाटलं तर ‘अ वेलकम डिस्ट्रॅक्शन’.

जुन्या इंग्रजीत ‘डिस्ट्रॅक्टेड’चा अर्थ वेड लागलेला असाही होता. मन इतकं ओढलं गेलेलं, की ठिकाणावरच नाही. तो अर्थ आता एका वाक्प्रचारात उरला आहे: ‘द ड्रिलिंग इज ड्रायव्हिंग मी टू डिस्ट्रॅक्शन.’ शेजारच्या फ्लॅटमधल्या ड्रिलने जीव नकोसा केलाय. ‘डिस्ट्रॉट’ म्हणजे दुःखाने सैरभैर झालेला, तोही याच शब्दाचं जुनं रूप.

८. ऑफिसात कुठे बोलायचं, कुठे नाही

मीटिंगमध्ये लक्ष गेलं आणि सहकारीच समोर असतील, तर ‘सॉरी, आय गॉट डिस्ट्रॅक्टेड फॉर अ मोमेंट, कुड यू रिपीट द लास्ट पॉइंट?’ असं मोकळेपणाने म्हणा. ग्राहक समोर असेल तर कारण सांगू नका. ‘सॉरी, आय मिस्ड दॅट, कुड यू से इट अगेन, प्लीज?’ एवढं पुरे.

सहकाऱ्याला ‘यू आर डिस्ट्रॅक्टिंग मी’ तोंडावर म्हणणं इंग्रजीत बऱ्यापैकी टोकदार लागतं. मराठीत ‘ए, डिस्ट्रॅक्ट नको ना करू’ म्हणताना जो लाडिकपणा असतो, तो त्या वाक्यात उतरत नाही. ‘आय नीड टू फोकस ऑन दिस टिल फोर, कॅन वी टॉक आफ्टर दॅट?’ म्हटलं तर काम होतं आणि मनही दुखावत नाही.

मुलाखतीत उणीव विचारली की पुष्कळ जण ‘आय गेट डिस्ट्रॅक्टेड ईझिली’ म्हणतात, कारण वाक्य तोंडपाठ असतं. वाक्य बरोबर आहे, जागा चुकीची आहे. म्हणायचंच असेल तर त्यावर तुम्ही काय करता तेही लगेच सांगा.

९. उच्चार आणि स्पेलिंग

जोर दुसऱ्या भागावर: डिस्-ट्रॅक्ट. शेवटचा ‘ट’ गिळू नका, ‘डिस्ट्रॅक’ ऐकू येतं. ‘इडी’ लावल्यावर एक भाग वाढतो, डिस्-ट्रॅक्-टिड. मूळ शब्द ‘ट’ किंवा ‘ड’ने संपला की हा जास्तीचा ‘इड’ म्हणावाच लागतो. ‘वर्क्ट’, ‘प्लेड’ यांत तो नसतो.

स्पेलिंगचा धोका ‘डिस्ट्रिक्ट’शी आहे. मोबाइलचा कीबोर्ड स्वतःच्या मनाने ‘ए’चा ‘आय’ करतो आणि ‘आय गॉट जिल्हा’ असं काहीतरी निघून जातं. पाठवण्याआधी तो एक स्वर डोळ्यांखालून घाला.

१०. सराव

आधी वर्तमानपत्र घ्या. ‘डिस्ट्रॅक्ट’ कुठल्याही रूपात दिसला की त्याच्याभोवतीच्या तीन जागा पेन्सिलने गोल करा. कुठली जागा गाळली आहे ते पण टिपा. याला रोज काही मिनिटं पुरतात.

परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. चार पर्यायांच्या प्रश्नात जे तीन चुकीचे पर्याय असतात, त्यांना प्रश्नपत्रिका काढणारे ‘डिस्ट्रॅक्टर्स’ म्हणतात. ते उगाच टाकलेले नसतात. अर्धवट येणारा माणूस जिकडे ओढला जाईल, तेच नेमके पर्याय मुद्दाम घातलेले असतात. म्हणून उत्तर आधी मनात ठरवा आणि मगच पर्याय वाचा.

आता ही वाक्यं खालची उत्तरं झाकून स्वतः करा.

अ) ढोलाच्या सरावामुळे माझं अभ्यासावरून सारखं लक्ष उडत होतं.
आ) सॉरी, मी जरा डिस्ट्रॅक्ट झाले.
इ) ती बातमी बघून आजी विचलित झाल्या.
ई) भाषण चालू असताना माझं मन भलतीकडेच गेलं.
उ) चोरांनी त्याचं लक्ष विचलित करून बॅग पळवली.
ऊ) छपाईच्या चुकांनी पुस्तकाची शोभा गेली.

उत्तरं:

अ) ‘द ढोल प्रॅक्टिस केप्ट डिस्ट्रॅक्टिंग मी फ्रॉम माय स्टडीज.’ तिन्ही जागा भरल्या आहेत, आणि ‘सारखं’ आलं म्हणून ‘केप्ट’.
आ) ‘सॉरी, आय गॉट डिस्ट्रॅक्टेड.’
इ) ‘आजी वॉज डिस्टर्ब्ड बाय द न्यूज.’ इथे ‘अपसेट’ही चालेल.
ई) ‘माय माइंड वॉन्डर्ड ड्युरिंग द स्पीच.’ कुणी ओढलेलं नाही.
उ) ‘द थीव्ह्ज डिस्ट्रॅक्टेड हिम अँड स्टोल हिज बॅग.’
ऊ) ‘द मिसप्रिंट्स डिट्रॅक्ट फ्रॉम द बुक.’ कुणी ‘द मिसप्रिंट्स आर डिस्ट्रॅक्टिंग’ असं लिहिलं असेल तर व्याकरणाने तेही बरोबर आहे, फक्त म्हणणं बदलतं. पहिल्या वाक्यात पुस्तकाची किंमत उतरली आहे, दुसऱ्यात वाचणाऱ्याचं लक्ष सारखं त्या चुकांकडे जातंय. मराठी वाक्यात ‘शोभा गेली’ असं असल्यामुळे इथे पहिलं घ्यायचं.